राजमतीअक्कांचा आवाज

राजमती मगदूम यांना त्यांच्या स्वतःच्याच धंद्याच्या नंबरावरून फोन आला, तेव्हा त्या मिरजेतल्या आपल्या स्वयंपाकघरात चहा पीत बसल्या होत्या आणि त्यांची धाकटी जाऊ पद्मजा समोर खाली बसून मेथी निवडत होती.

फोनवर हिरवी पट्टी उमटली. पट्टीखाली नाव होतं, राजमती मगदूम, करुणा गृहसेवा, मिरज. बाहेरच्या खोलीतल्या ऑफिसच्या फोनवर मांजर बसली असेल, असं राजमतींना वाटलं. तरी त्यांनी उचलला.

"नमस्कार, राजमतीअक्का बोलतेय. जेवण झालं का?"

आवाज पद्मजाचा होता. अगदी तोच, 'झालं का' म्हणताना शेवटी जरासा वर चढणारा, ऐकणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवणारा. आणि पद्मजा तर तोंड मिटून काड्या बाजूला काढत होती.

आवाज पुढे बोलत राहिला. तुमच्या गुडघ्याचा फोटो काढलाय असं कळलं, वय झालं की व्हायचंच, एकट्यानं जिना चढू नका, मदतीला कुणी हवं असेल तर आपली बाई उद्याच पाठवते. राजमतींनी गेल्याच आठवड्यात गुडघ्याचा फोटो काढला होता आणि दवाखान्यात आपला घरचा नंबर दिला होता. म्हणजे हा आवाज जो कोण होता, तो नवं गिऱ्हाईक हुडकत हुडकत त्यांच्याच दारात येऊन उभा राहिला होता. त्यांनी विचारलं, कोण बोलतंय?

"मीच की. तुमची राजमतीअक्का."

मेथी निवडणारा हात थांबला. पद्मजानं मान वर केली नाही, आणि तेवढ्यावरून राजमतींना कळायचं ते कळलं.

आता थोडं मागं जायला हवं. काही वर्षांपूर्वी फोन ही चीज पार नासून गेली होती. कुणाचाही घासभर आवाज कुठून तरी उचलायचा, यंत्रात घालायचा, आणि मुलाच्या आवाजात आईला, साहेबाच्या आवाजात कारकुनाला लुबाडायचं. लोकांनी फोन उचलणंच सोडून दिलं. खऱ्या दुकानदाराचा फोन खोटा ठरायचा आणि खोट्याचा खरा. शेवटी सरकारनं नियम काढला की धंद्याचा प्रत्येक नंबर एका जिवंत गळ्याशी बांधलेला असेल. त्या बंधनाचं नाव ठेवलं स्वरमुद्रा.

त्यामागचं शास्त्र तसं अवघड नाही. माणूस बोलतो तेव्हा आवाज नुसता तोंडातून बाहेर पडत नाही, तो जबड्याच्या, गालाच्या, कवटीच्या हाडांतूनही धावतो. प्रत्येकाची हाडं वेगळी, टाळू वेगळी, नाकामागची पोकळी वेगळी, म्हणून ही आतली थरथरही प्रत्येकाची वेगळी. नव्या फोनच्या कडेला एक बारीक चकती बसवली, ती गालाला टेकली की हाडातली थरथर टिपते आणि हवेतून आलेल्या आवाजाशी ताडून पाहते. दोन्ही एकाच क्षणी एकाच गळ्यातून निघालेत असं पटलं, तरच प्रत्येक शब्दामागे एक गुप्त खूण जोडून पुढे पाठवते. यंत्रातून वाजवलेल्या आवाजाला हाडं कुठली? त्यामुळे त्याला खूण नाही, आणि खूण नसेल तर पलीकडचा फोन वाजतच नाही. मेसेजचंही तसंच. धंद्याचा मेसेज आधी त्या गळ्यानं मोठ्यानं वाचायचा, मगच तो सुटणार. पोचला की त्याच्यावर हिरवी पट्टी. पट्टी दिसली की डोळे मिटून विश्वास ठेवायचा, हे लोकांच्या इतकं अंगवळणी पडलं की पट्टीपुढे सख्ख्या भावाचं सांगणंही फिकं पडू लागलं.

करुणा गृहसेवा हा धंदा विश्वासाचाच. मिरजेच्या दवाखान्यांतून घरी परतलेल्या पेशंटांची सेवा करायला बायका आणि पुरुष पुरवायचे. राजमतींनी तो उभा केला तो मगदूमांचे दोघे भाऊ एकामागोमाग गेले आणि घरात दोघी जावाच उरल्या तेव्हा. पद्मजा भिंतीकडे बघत बसून राहायची. तिला बोलतं करायचं म्हणून राजमतींनी तिच्यासमोर फोन ठेवला. स्वतः राजमतींचा आवाज घोगरा, त्यात बोलणं तोडून टाकणारं. त्यांनी फोन घेतला की पलीकडचा माणूस आजारी नसला तरी आजारी पडायचा. त्या सेविका निवडायच्या, त्यांना शिकवायच्या, घराघरांत जाऊन काम नीट चाललंय का बघायच्या. पेशंटाच्या घरचे त्यांना तपासणीच्या बाई म्हणून ओळखायचे. फोनवर मात्र पहिल्याच गिऱ्हाइकानं पद्मजाला विचारलं होतं, राजमतीअक्का का? पद्मजानं बावरून राजमतींकडे पाहिलं होतं आणि त्या म्हणाल्या होत्या, हो म्हण की, लोकांना एकच नाव बरं पडतं. तेव्हापासून पद्मजा फोनवर राजमतीअक्का झाली ती झालीच. लांब देशांत राहणारी मुलं आपल्या आईबापांची काळजी या आवाजाच्या ओटीत टाकून झोपायची.

मुद्रेच्या नोंदणीची मुदत संपत आली ती नेमकी पर्युषणात. राजमतींचं पर्वातलं मौन कधी मोडलं नव्हतं, नवरा गेला त्या वर्षीही नाही. आता सरकारी पेटीपुढे बोलायला म्हणून मोडायचं? त्या पद्मजाला घेऊन नोंदणी केंद्रात गेल्या, आपलं ओळखीचं कार्ड पुढे केलं, आणि बोलायची वेळ आली तेव्हा बोटानं पद्मजाकडे खूण केली. केंद्रातल्या पोरीपुढे रांग मारुतीच्या देवळापर्यंत गेली होती. घरचीच बाई आहे, फोनवर तीच बोलते, मग बिघडतंय काय? पद्मजानं पेटीच्या नळीपुढे तोंड नेऊन म्हटलं, मी राजमती मगदूम. यंत्रानं मान्य केलं. बाहेर आल्यावर राजमतींनी मौनातच दोन बोटं वर करून उसाचा रस मागवला होता, आणि दोघी हसल्या होत्या.

तर त्या दिवशी स्वयंपाकघरात पद्मजानं मेथीची जुडी बाजूला सारली आणि सगळं सांगून टाकलं. पुण्याची एक कंपनी. देशभर घरसेवा पुरवते, पण नवी आहे, तिच्या नंबरावर कुणाचा भरवसा बसत नाही. भरवसा नव्यानं तयार करता येत नाही म्हणून ती जुने, नावाजलेले नंबर भाड्यानं घेते. नियमात तशी सोय मागाहून करून ठेवलीय. एक गळा एका वेळी हजार जणांशी कसा बोलणार, अशी मोठ्या कंपन्यांनी ओरड केली, तेव्हा स्वरप्रतीला परवानगी मिळाली. नोंदलेल्या गळ्याच्या माणसानं कंपनीत बसून दिवसच्या दिवस वाचायचं, जबड्याला तारा लावायच्या, म्हणजे कुठल्या शब्दाला कुठलं हाड कसं थरथरतं हे यंत्र शिकतं. मग त्या गळ्याच्या संमतीनं यंत्र बोलतं, त्या नंबरावर आलेले फोनही तेच उचलतं, आणि पट्टी हिरवीच उमटते. संमती ज्याचा गळा त्याची. कंपनीच्या लेखी गळाही राजमती मगदूम आणि मालकही राजमती मगदूम, प्रश्नच आला नाही.

भाचीच्या बाळंतपणाला म्हणून पद्मजा पुण्याला राहून आली होती. राजमतींनी तिच्याबरोबर डिंकाचे लाडू करून दिले होते. ते आठवलं आणि त्यांना तोंडात मारल्यासारखं झालं. लाडू कुणी खाल्ले, एवढंच त्यांनी विचारलं.

"ते जाऊ दे अक्का," पद्मजा म्हणाली. "पैसे मिळाले, नाही म्हणत नाही. पण पैशासाठी नाही केलं. तिथं पहिल्या दिवशी एका पोरानं मला विचारलं, मॅडम तुमचा आवाज इतका कसा हो गोड? इतकी वर्षं लोक माझ्यापाशी रडले आणि आशीर्वाद दिले ते तुम्हाला. मी कोण, हे कुणी विचारलं का कधी? तुम्ही तरी कुणाला सांगितलंत?"

हे ऐकून राजमती जास्तच भडकल्या. मला सांगायचं होतंस. घरात एका ताटात जेवतो आपण. भांडली असतीस तर चाललं असतं, अबोला धरला असतास तर चाललं असतं, पण माझ्या पाठीमागं माझंच नाव विकलंस. पद्मजा म्हणाली, नाव तुमचं, पण विकला तो माझा गळा. करार मोडता येणार नाही, हेही पद्मजानंच सांगितलं. यंत्राचं तोंड बंद करायचं तर मुद्राच रद्द व्हायला हवी.

दुसऱ्या दिवशी राजमती ताम्हनकरकाकांकडे गेल्या. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, नजर अधू, आणि बायको अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली. करुणेची मालन त्या काकूंची सेवा करायची, अगदी पोटच्या पोरीसारखी. मालननंच निरोप धाडला होता की अक्का, मला कामावरून का काढलंत, माझं काय चुकलं? राजमतींनी तिला काढलंच नव्हतं. ताम्हनकरांच्या फोनवर हिरव्या पट्टीचा मेसेज गेला होता, मालन यांची सेवा आजपासून थांबवत आहोत, आमचा नवा प्रशिक्षित माणूस येईल, आपली राजमतीअक्का.

नवा माणूस खुर्चीवर बसून कानात काहीतरी घालून मोबाईल बघत होता. दारातूनच वास आला. राजमतींना तो वास ओळखीचा होता. कूस बदलली नाही की पाठीला जखम होते, आणि जखम चिघळली की असा वास सुटतो. आतून काकूंचं कण्हणं ऐकू येत होतं. त्यांनी काकांना सगळं समजावून सांगायचा प्रयत्न केला. हा माणूस आमचा नव्हे, तो फोनही आमचा नव्हे, राजमती मगदूम ती मीच, काकूंना आज दवाखान्यात हलवायला हवं.

काका दार धरून ऐकत राहिले. मग म्हणाले, बाई, तुम्ही तपासणीला येणाऱ्या ना? राजमतीअक्कांचा आवाज मी आज ओळखतो का? मुलगा कॅनडात, इथं आमच्या मेल्याजित्याला तोच एक आवाज आहे. आणि त्यांनी सरळ नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन डोळ्यांजवळ नेऊन पट्टीचा रंग पाहून घेतला.

"हो काका, मीच बोलतेय," आवाज म्हणाला. "दारात कोण आहे म्हणता? ओळख पटल्याशिवाय कुणाला आत घेऊ नका हं. काकूंनी आज दूध घेतलं का?"

काकांचा चेहरा सैल पडला. त्यांनी राजमतींसमोर दार लावून घेतलं, हळूच, म्हाताऱ्या माणसाच्या भिडस्तपणानं. राजमती जिन्यात उभ्या राहिल्या. गुडघा दुखत होता तरी बसवेना. त्यांनी मालनला फोन केला, मालननं काकूंच्या भाच्याला गाठलं, आणि संध्याकाळपर्यंत काकू दवाखान्यात पोचल्या. पण असं किती घरांतून करणार होत्या? नव्या घरांची नावंही त्यांना माहीत नव्हती. त्यांच्या नावावर कुठकुठली दारं उघडत होती, देव जाणे.

घरी येऊन त्यांनी पद्मजाला काकूंची पाठ कशी झालीय ते सांगितलं. शिव्या दिल्या नाहीत. पद्मजा ऐकता ऐकता पांढरी पडली. काकूंशी तीच रोज बोलायची, मालननं काकूंच्या कानाला फोन लावला की काकू नुसत्या हुंकार द्यायच्या आणि पद्मजाला त्या हुंकारावरून कळायचं, आज बरं आहे की नाही.

"येते मी, अक्का," ती म्हणाली. "सांगते खरं काय ते. होऊ दे रद्द."

सूर्यास्ताच्या आत जेवायचं म्हणून तिनं घाईनं भाकऱ्या थापल्या. तव्यावरची पहिली भाकरी तिनं राजमतींच्या ताटात टाकली, वर तुपाची धार सोडली. राजमतींच्या मनातला राग काही गेला नव्हता; पण ही आपली माणूस आहे, चुकली तरी आपली आहे, असं त्यांना त्या जेवणात वाटलं, आणि त्या वाटण्यावर त्या शांत झोपल्या.

सांगलीच्या मुद्रा कार्यालयात त्यांच्यापुढे आला तो नेर्लेकर नावाचा तरुण अधिकारी. सभ्य, हळू बोलणारा, आजीबाईंना खुर्ची देणारा. राजमतींनी पर्युषणापासून सगळं सांगितलं, स्वतःची चूक आधी सांगितली. पिशवीतून कार्ड काढून पुढे ठेवलं. नेर्लेकरनं ते उलटसुलट करून परत दिलं. कार्डं हल्ली कुणीही घरबसल्या छापतं, तो म्हणाला, म्हणून तर मुद्रा आली. साक्षीदारांचं तेच, अर्ध्या फसवणुकींत साक्षीदार ठरवून आणलेले असतात. वाद उभा राहिला की गळा सांगेल ते खरं, एवढा एकच नियम आम्ही पाळतो.

मग त्यानं रीत समजावली. गळा ज्यांचा, त्यांनी काचेच्या खोलीत नळीपुढे बसून आपलं खरं नाव सांगायचं. गळा नोंदीतला आणि नाव नोंदीपेक्षा वेगळं निघालं, की नोंद खोटी ठरली. नंबर तिथल्या तिथं बंद, त्याच्यावरची स्वरप्रतही बंद. मालकिणीला पुन्हा धंद्याचा नंबर मिळायचा नाही.

राजमतींनी मान हलवली. हे त्यांनी मनात धरलंच होतं.

"आणि ज्या गळ्यानं खोटी नोंद केली," नेर्लेकर पद्मजाकडे वळून म्हणाला, "तो गळा कायमचा बाद. धंद्याच्या कुठल्याच फोनवर तो आवाज पुन्हा पोचणार नाही. कुठं नोकरीला लागलात, नुसता निरोप द्यायला फोन घेतलात, तरी पलीकडे वाजणार नाही."

हे दोघींनाही नवं होतं. पद्मजानं राजमतींकडे पाहिलं. राहू दे, परत जाऊ, एवढे शब्द राजमतींच्या ओठांवर आले होते. तिला त्या फोनशिवाय दुसरं काय होतं? पण त्यांना ताम्हनकरकाकूंचं कण्हणं आठवलं, आणि नावही माहीत नसलेली ती बाकीची घरं. पद्मजानं थोडा वेळ वाट पाहिली, मग पदर सावरून ती काचेच्या खोलीत गेली.

नळीची चकती तिच्या गालाला टेकली. बाहेरच्या पडद्यावर रेघा हलू लागल्या. नेर्लेकरनं नाव विचारलं. पद्मजा घोटभर पाणी प्यायली, आणि तिचा आवाज बाहेरच्या भोंग्यातून आला, स्वच्छ, जराही न अडखळता.

"मी राजमती मगदूम. हा गळा माझा आणि नंबरही माझा."

पडद्यावर हिरवी पट्टी उमटली.

राजमतींना आधी वाटलं, सवयीनं बोलून गेली, आता सुधारेल. त्या काचेशी गेल्या. पद्मजा त्यांच्याकडे बघत नव्हती. ज्या नावाखाली आपण पुसले गेलो म्हणून तिनं गाऱ्हाणं मांडलं होतं, तेच नाव तिनं सगळ्यांसमक्ष अंगावर ओढून घेतलं होतं. राजमती हात वर करून सांगू लागल्या की ही खोटं बोलतेय, राजमती मी आहे, मी. घोगरा आवाज आणखीच फाटला. खोलीतले कारकून वर बघू लागले.

नेर्लेकर चिडला नाही. त्यानं त्यांना परत खुर्चीत बसवलं आणि वाकून विचारलं, "मग आजी, तुम्ही कोण?"

तेवढ्यात पद्मजा बाहेर आली. ती राजमतींच्या मागं उभी राहिली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"माझ्या मोठ्या जाऊबाई आहेत," ती अधिकाऱ्याला म्हणाली. "गेल्या वर्षापासून विसरायला होतं त्यांना. माझं नाव स्वतःला लावून घेतात कधीकधी. तुम्ही मनावर घेऊ नका, मी घरी नेते."

लांबच्या मुलांना तुमची आई आज नीट जेवली हं म्हणून सांगायची, त्याच आवाजात ती बोलली. नेर्लेकर स्वतः उठून पाणी आणायला गेला. राजमतींनी वर वळून तिच्याकडे पाहिलं, आणि त्या आवाजात इतकी माया होती की घटकाभर त्यांनाही वाटलं, आपलंच काहीतरी चुकत असेल.